हरणाच्या गाडीचं दार

आमच्या रविवारच्या टोळक्याला एकच कायदा आहे आणि तो मी केलेला आहे. गप्पा गाड्यांच्या मारायच्या, कुत्र्यांच्या मारायच्या, पण काळजीचं बोलणं काढायचं नाही. ज्याला काढल्याशिवाय राहवतच नाही, त्यानं आधी हवा मोजायचा मीटर हातात घ्यायचा आणि जमलेल्या प्रत्येक गाडीची चारही चाकं तपासायची. मग खुशाल बोलावं. एवढ्या चाकांपाशी वाकून उठलेला माणूस मोजकंच बोलतो.

कायदा करायची वेळच तशी आली होती. डॉक्टर म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. लोक दुखरी दाढ गालात धरून हिंडत होते, पण खर्चाच्या धास्तीनं त्यांच्या खुर्चीकडे फिरकत नव्हते. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या सुनेच्या ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी झाली होती आणि उरलेल्या निम्म्यांत आपलं किती दिवस टिकेल, या विचारानं तिची झोप उडाली होती. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर पेट्रोलचा भाव ऐकून लोक शिकणंच पुढे ढकलत होते. कुठे लढाई, कुठे अडकलेली जहाजं, कुठे बंद पडलेले कारखाने. एक अख्खा रविवार आम्ही हेच उगाळत बसलो आणि डॉक्टरांनी नवी गाडी आणलीय हे जाताना लक्षात आलं. माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून मीटर लागू झाला.

आम्ही जमतो ते माझ्या स्कूलच्या आवारात. शिकाऊ लोकांना गाडी लावायचा सराव व्हावा म्हणून तिथे जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकटी आखलेल्या आहेत. रविवारी त्यांत आमच्या चार गाड्या उभ्या राहतात. चाक पट्टीवर आलं तर मी डॉक्टरांनाही सोडत नाही, पुन्हा लावायला लावते. गाड्यांना आम्ही कंपनीच्या नावानं नाही, चिन्हानं ओळखतो. मास्तरांची जुनी गोलमटोल कासवाची. डॉक्टरांची विजेवर चालणारी, तिला चिन्ह आहे पण आम्ही प्लगच म्हणतो. माझी हरणाची, माझ्या कमाईची, आता बरीच म्हातारी. आणि चौथी गेंड्याची, ती धप्परावांची.

धप्पराव गेंडा कंपनीच्या कारखान्यात होते. काम दारांचं. तयार झालेल्या गाडीचं दार लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. रबर कुठे दुमडलंय का, काच आत थरथरते का, बिजागरी किंचित खाली आलीय का, हे त्यांना त्या एका आवाजात कळायचं. एकदा चहाला आले आणि चहा राहिला बाजूला, म्हणाले, बाई, तुमच्या फ्रिजचं रबर खालच्या कोपऱ्यात गेलंय. गेलं होतं. माणूस दार एकदाच लावायचा. नीट लागलेलं दार पुन्हा उघडून बघायचं नसतं, म्हणायचे, ज्याला पुन्हा उघडावं लागतं त्यानं पहिल्यांदा ऐकलेलंच नसतं. आम्ही त्यांच्या या 'एकदाच'ची पुष्कळ टर उडवली. पण मी आयुष्यभर लोकांना धाडधाड दारं आपटताना ऐकत आले आहे, त्यामुळे या माणसाबद्दल मला मनातून फार आदर होता. तोंडावर मी तो कधी दाखवला नाही, माझा स्वभाव तसा नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांच्यावर खार खाऊन होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या गाडीच्या दाराला बोट लावलं नव्हतं. एकदा त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती, वर आभाळ भरलं होतं, मी म्हटलं सोडते घरी. तर नको म्हणाले, हरणात बसणार नाही, आणि कुत्रीला घेऊन भिजत पायी गेले. मी दोन रविवार त्यांच्याशी बोलले नाही. तरी मनात म्हटलं, कंपनीला अशी माणसं मिळतात कुठून.

आता कुत्री. डॉक्टरांच्या कुत्र्याचं नाव टर्बो आणि त्याला दोन पायऱ्या चढायला अर्धा तास लागतो. मास्तरांचा हॉर्न, तो जन्मात भुंकलेला नाही. धप्परावांची बिजागरी. ठिपक्याठिपक्यांची, एक कान उभा, एक पडका. कारखान्यात बिजागऱ्यांच्या खोक्यात ती पिल्लू असताना सापडली आणि मोठी होईपर्यंत तिथेच, धप्परावांच्या पायात वाढली. मग ते तिला घरी घेऊन आले. घरी दुसरं होतंच कोण.

माझी होती स्टेपनी. सतत मागे असायची म्हणून ते नाव. ती गेली तेव्हा मी सगळ्यांना बजावून सांगितलं की आता पुन्हा कुत्रा नाही, कोणी पिल्लाचे फोटोसुद्धा दाखवायचे नाहीत. तिचा पट्टा तेवढा गाडीच्या डिकीत राहिला होता. तो काढायचा राहिला असं मी म्हणत असे. काढवत नव्हता, हे खरं.

त्या रविवारी धप्पराव आले, गाडी चौकटीत अगदी मधोमध लावली, आणि कोणाशी न बोलता खिडकीतला मीटर उचलून वाकले. डॉक्टरांची चार चाकं, मास्तरांची चार, स्वतःची चार. माझ्याही गाडीपाशी वाकले, चाकांना हात लावायला त्यांची ना नव्हती. मास्तर म्हणाले, अहो राहू द्या, तसंच बोला. त्यांनी ऐकलं नाही. सगळी चाकं झाल्यावर रुमालाला हात पुसले आणि सांगितलं.

कारखाना बंद होत होता. त्यांना काम होतं, पण लांबच्या शहरातल्या दुसऱ्या कारखान्यात, आणि राहायला कंपनीची वरच्या मजल्यावरची खोली, जिथे जनावर ठेवायला मनाई. नोकरी सोडावी तर या दिवसांत दुसरी देणार कोण. दुसरं घर बघू म्हटलं, भाडी विचारून आले, तोंड पाडून परत आले. आता बिजागरीला कोणी तरी घ्यायला हवं होतं, आणि ते पुढच्या रविवारपर्यंत ठरायला हवं होतं. बिजागरी त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून पडली होती.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणी विचारायच्या आत मी नाही म्हणून मोकळी झाले.

मग डॉक्टर म्हणाले, मी घेतो. मास्तर म्हणाले, तुम्ही कशाला, मी घेतो, तुमच्या त्या गाडीत कुत्र्याला बसल्यासारखं तरी वाटतं का, आवाज नाही, वास नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या कासवात वासच वास आहे. पाच मिनिटांत बिजागरी राहिली बाजूला आणि कोणती कंपनी कुत्र्यांचा विचार करून गाडी बनवते यावर जुंपली. आम्ही असे आहोत. घरावरून छप्पर उडालं तरी ते कोणत्या गाडीवर पडलं हे आधी बघू. धप्परावांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या रविवारी तिलाच ठरवू द्या. ज्या गाडीत जाऊन बसेल, त्यांची. मग मला म्हणाले, बाई, तुमची पण गाडी असू द्या, नुसती चौकट भरायला. माझी गाडी तिथेच असते, मला काय फरक पडणार होता.

पुढच्या रविवारी प्लगमध्ये मऊ गादी अंथरलेली होती आणि आत गार हवा सोडलेली होती. मास्तरांनी सीटखाली बिस्किटं लपवली होती, ती आम्ही जमेपर्यंत टर्बोनं शोधून खाल्ली. एवढी चपळाई त्यानं आयुष्यात दाखवली नव्हती. आमच्या तिन्ही गाड्यांची दारं उघडून ठेवली आणि धप्परावांनी बिजागरीला मोकळं सोडलं. ती प्रत्येक दारापाशी हुंगून आली आणि पुन्हा त्यांच्या पायाशी बसली. दोघांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, हॉर्नला आत बसवून दाखवलं. ती हलेना. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"उघडी दारं तिला काही सांगत नाहीत," धप्पराव म्हणाले. "मी लावतो."

मास्तरांच्या कासवाचं दार लावलं, पत्र्याचा डबा वाजला. डॉक्टरांच्या गाडीचं जाड पुस्तक मिटल्यासारखं मिटलं. बिजागरीनं कान हलवला नाही. मग ते माझ्या गाडीपाशी येऊन थांबले आणि मला विचारलं, हात लावू का. इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, लावा. त्यांनी तळहात पँटला पुसला, दाराच्या कडेवर ठेवला, आणि लावलं.

धप्प. त्यात काही विशेष नव्हतं, मी रोज ऐकते तोच आवाज. पण बिजागरीचे दोन्ही कान उभे राहिले, पडकासुद्धा. ती उठली, आवार ओलांडून सरळ चालत आली, माझ्या गाडीच्या दाराखाली बसली आणि पंजानं दार खरवडायला लागली. धप्परावांनी उघडलं. ती आत चढली, सीटवर नाही, सीटच्या पुढे पाय ठेवायच्या जागेत वेटोळं करून पडली आणि तिनं डोळे मिटले.

डॉक्टर हळूच म्हणाले, स्टेपनीचा वास आला असेल. माझ्याही मनात तेच आलं होतं.

"वास नाही, डॉक्टर," धप्पराव म्हणाले. "आमच्या तपासणीच्या खोलीत लोखंडी चौकटीवर एक दार बसवलेलं आहे. मी नोकरीला लागायच्या आधीपासून. रोज सकाळी आधी ते लावायचं, तो आवाज कानात घ्यायचा, आणि मग आपल्या दारांकडे जायचं. हिची गोणपाटाची गादी त्याच्याच खाली होती. ते दार अशाच हरणाच्या गाडीचं आहे."

म्हणजे गेंडा इतकी वर्षं हरणाकडे बघून दारं लावत होता, असं मास्तरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. हो, धप्पराव म्हणाले. जवळ गेलो, गाठता आलं नाही. ज्या माणसांनी हे दार केलं ती कोण, कुठली, त्यांना माहीत नव्हतं, पण आपला सगळा जन्म त्यांच्याकडून शिकण्यात गेला, असं त्यांनी सरळ सांगितलं. मान खाली न घालता. स्वतःच्या बंद पडणाऱ्या कंपनीबद्दल वाकडा शब्द नाही आणि दुसऱ्याच्या चांगल्या कामाला चांगलं म्हणताना हातचं राखणं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"मग माझ्या दाराला हात का लावला नाहीत कधी?" मी विचारलं.

"लावला असता तर तुमच्यासमोर खरं बोलावं लागलं असतं. पगार गेंड्याचा होता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप चढला. म्हणजे ती कुठे जाणार हे यांना आधीपासून माहीत होतं. गाद्या, बिस्किटं, टाळ्या, सगळं यांनी चालू दिलं. मी म्हटलं, तुम्ही मला चांगलंच गुंडाळलंत. ते म्हणाले, हो. मागायच्या आधीच तुम्ही नाही म्हणाला होतात.

"डॉक्टर सांभाळतील, मास्तरही सांभाळतील," ते म्हणाले. "पण स्टेपनी आजारी होती तेव्हा तुम्ही तिला उचलून गाडीत ठेवायचात. दार लावायच्या आधी तिची शेपटी आत आहे ना, हे हात घालून बघायचात. दर वेळी. ते मी बघितलंय."

मी आत गेले आणि मीटर घेऊन आले. डॉक्टरांच्या गाडीपासून सुरुवात केली. माझे गुडघे कामातून गेलेले आहेत, तरी एकेका चाकापाशी वाकले, टोपण काढलं, मीटर लावला, टोपण बसवलं. कोणी हसलं नाही. डॉक्टर आणि मास्तर हात मागे बांधून उभे राहिले. शेवटचं चाक धप्परावांच्या गाडीचं होतं. ते झालं आणि मी त्याच चाकाला टेकून खाली बसले.

"ही पण माझ्यासमोर जाईल," मी म्हटलं. "स्टेपनी गेल्यावर मी घरी जायचं टाळायला रिकाम्या रस्त्यांवरून गाडी फिरवत बसायचे. मला पुन्हा ते झेपणार नाही. मला भीती वाटते."

धप्पराव माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"मला आजच झेपत नाहीये, बाई," ते म्हणाले.

मग मी उठले, डिकी उघडली आणि स्टेपनीचा पट्टा बाहेर काढला. झटकला. पुढे येऊन तो बिजागरीच्या गळ्यात घातला, एक भोक आत घ्यावं लागलं. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. डॉक्टरांनी आपली गादी आणून माझ्या मागच्या सीटवर ठेवली. मास्तर उरलंसुरलं एखादं बिस्किट सीटखाली चाचपत होते.

धप्परावांची निघायची वेळ झाली. सामान त्यांच्या गाडीत भरलेलंच होतं. ते माझ्या गाडीपाशी आले, आत वाकून बिजागरीची शेपटी आत आहे ना ते हातानं बघितलं, आणि दार लावलं. एकदाच. आवाज अगदी जसा हवा तसा आला, मलाही कळला. ते वळले आणि आपल्या गाडीकडे चालू लागले.

अर्ध्या वाटेवरून ते परत आले. नीट लागलेलं ते दार त्यांनी उघडलं, गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवलं. आमच्यापैकी कोणीही त्यांना काही म्हटलं नाही. मग त्यांनी ते पुन्हा लावलं.