ताईंना पाणी गार का लागलं?

मी निळा प्लास्टिकचा टब बोलतोय. एक कान तुटलाय, पण बूड शाबूत आहे. साच्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, बाळांना आंघोळी घालीन. नशिबात आले पाय.

मला आणलं एका न्हाव्याने. दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्यांचे दगड व्हायचे. घरी आला की माझ्यात कोमट पाणी, मूठभर मीठ, आणि पाय सोडून एक लांब "हाऽऽ". तेवढ्यावर मी स्वतःला डॉक्टर समजू लागलो.

मग त्याची थोरली बहीण राहायला आली. साखरेची जुनी दुखणेकरी. भावाने पाय धुतलेलं गढूळ पाणी बघून म्हणायची, "बघ, अंगातलं विष उतरलं."

"ताई, ते गिऱ्हाइकांचे केस आहेत. आणि पावडर."

"तुला काय कळतंय? तू डोकी भादर."

मी गोंधळलो. विष उतरत असेल तर ते माझ्यातच साठणार. मग मी ठणठणीत कसा?

एका दुपारी ताई एकट्याच होत्या. गॅसवरून उतरवलेल्या पातेल्यातलं पाणी माझ्यात ओतलं, पाय बुडवला. "गारच आहे मेलं." आणखी ओतलं. माझं बूड मऊ पडायला लागलं, आणि त्या निवांत मटार सोलत बसलेल्या. खोटं कोण बोलतंय, मी की ताई?

संध्याकाळी पायावर लिंबाएवढा फोड. न्हाव्याचं तोंड एवढंसं झालं.

पट्टी बदलायला नर्सबाई येऊ लागल्या. "साखरेने पायाची जाणीव गेलीय तुमच्या. भिजवणं बंद. धुवायचे, पुसायचे, रोज तळवे बघायचे."

"मग विष कसं जायचं?"

"त्याने फक्त थकवा जातो, ताई."

"पाय राहील ना?" न्हाव्याने दाराआडून विचारलं.

"जखम भरली तर राहील."

दोन महिने लागले. भरली.

आता न्हावी माझ्यात पाय सोडतो, तेही कोपर बुडवून पाणी बघितल्यावर. मी औषध आहे की नुसता टब, मला अजून कळलेलं नाही. दमलेल्यांनी खुशाल यावं. ज्यांना गरम-गार कळत नाही, त्यांनी येऊ नये. मला राग येणार नाही.

ताई समोर कोरड्या पायांनी बसतात. गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचा आरसा न्हावी त्यांच्या तळव्याखाली धरतो.

"मागून बरोबर आहे ना?"

"जरा डावीकडे धर," ताई म्हणतात.