निम्मी जागा

गॅलरीत बायकांना निम्मी जागा द्यायची हा नियम मंजूर होईपर्यंत माझी चाळिशी उलटली. मी तिथं शाळेच्या मुलांना चित्रं-शिल्पं दाखवायच्या नोकरीवर लागले होते. गॅलरी शहराची, म्हणजे सगळ्यांची. मग भिंतीवरची नावं बाप्यांचीच कशी, एवढा एकच प्रश्न मी दरवर्षी समितीपुढं ठेवायची. आणि दरवर्षी आमचे संचालक मिस्टर झिशिरी चहात बिस्किट बुडवत म्हणायचे, "एस्नाथ मॅडम, बायका पुढंच येत नाहीत. आता मी काय त्यांच्या घरी जाऊन हाताला धरून आणू?"

शेवटी परदेशातल्या एका संस्थेनं गॅलरीचं गळकं छप्पर दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली की वार्षिक प्रदर्शनात निम्मी जागा बायकांना हवी. आठवड्याच्या आत झिशिरींना समानता पटली. समितीच्या अध्यक्ष मिसेस न्हारी, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी सही करताना नाक मुरडलं, पण सही केली. मी घरी जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. आईला वाटलं, नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तडक आवारात गेले. शहराबाहेर मोझांबिकच्या सरहद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून शिल्पकारांचं आवार आहे. पुढं गवताच्या छपराखाली पुरुष दगड घडवतात. मागं पाण्याच्या पिंपांशी त्यांच्या बायका बसतात, घडवलेला दगड पॉलिश पेपरनं घासतात, जाळावर तापवतात, मेण चोळून काळा कुळकुळीत करतात. पुढच्या बाजूला बसणारी बाई एकच होती, शुपिकाई. मुलाचं नाव ताकुंडा, म्हणून सगळे तिला माई ताकुंडा म्हणत. नवरा जोहान्सबर्गला कामाला गेला तो तिकडचाच झाला. छिन्नी तिच्या हाती दिली ती बापानं. मुलगे दगडाला हात लावायला तयार नव्हते, म्हणून मुलीला दिली, असं ती स्वतःच हसून सांगायची.

तेव्हा ती एका उंच दगडावर काम करत होती. मक्याच्या शेतातून बबून माकडं हाकलणारी बाई. एक हात वर, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. कमरेखालचा दगड तिनं मुद्दाम खडबडीत ठेवला होता, जणू बाई जमिनीतूनच उठून ओरडत होती.

"माई, हे प्रदर्शनात द्या," मी म्हटलं.

पलीकडं केनिअस बसला होता. आवारातला सगळ्यांत नावाजलेला माणूस. त्याचे लांब मानेचे पक्षी पार हरारेच्या हॉटेलांत उभे आहेत. तो म्हणाला, "दे की माई ताकुंडा. तुझा दगड बघायला माकडंसुद्धा तिकीट काढून येतील."

सगळे हसले. शुपिकाईनं हातोडा थांबवला नाही. "तुझ्या दगडांवर तर ती फुकट येऊन बसतात, केनिअस. कालच एक तुझ्या पक्ष्याच्या डोक्यावर घाण करून गेलं."

मागं पिंपाशी बसलेल्या बायका खुदखुदल्या. त्यांत केनिअसची बायको माई फराईही होती, कोपरापर्यंत राखाडी पाण्यानं माखलेली.

निवड झाली तेव्हा मला खोलीत घेतलं नव्हतं. बायकांसाठी राखलेलं दालन भरलं होतं, पण त्यात शुपिकाई नव्हती.

मी झिशिरींच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"कच्चं काम आहे, मॅडम," ते म्हणाले. "खाली पॉलिश नाही. आणि बाईचा चेहरा किती रागीट. बायकांच्या दालनात जरा मार्दव हवं."

"तुम्हाला बायकांचं काम हवंय, की तुम्हाला आवडेल असं बायकी काम?"

"तुम्हाला दालन भरायला हवं होतं, भरलं. आता आनंद मानायला शिका."

शिल्पं मांडली तेव्हा मी पाहिलं. मधोमध लांब मानेचा काळा पक्षी, आणि खाली पाटीवर माई फराईचं नाव. शेजारची शिल्पंही ओळखीच्या हातांची वाटत होती, पण पाट्यांवर नावं आवारातल्याच बायकांची. नवऱ्याजवळ बसून शिकल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मला ती समजूत हवीच होती.

उद्घाटनाला सांस्कृतिक खात्याच्या उपमंत्री बाई आल्या, ढोल वाजले, स्कोन नावाचे गोडसर पाव आणि संत्र्याचं सरबत झालं. केनिअस सूट घालून दारातच उभा. येईल त्याचा हात हातात घेऊन सांगत होता, "आज मी नुसता नवरा. कलाकार ती." पुरुष त्याच्या पाठीवर थापा मारत होते. पहिलं बक्षीस माई फराईला मिळालं. रेडिओवाली मुलगी तिच्यापुढं माइक धरून म्हणाली, "माई, हा पक्षी तुम्हाला सुचला कसा?"

माई फराईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तिला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड," केनिअस म्हणाला, आणि माइक आपसूक त्याच्याकडं वळला.

थोड्या वेळानं मी मागच्या अंगणात गेले तर माई फराई नळाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. नवे बूट काढून बाजूला ठेवलेले. शुपिकाईही तिथंच, चर्चला जायच्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये, भिंतीला टेकून उभी. तिला मीच आग्रहानं बोलावलं होतं. दोघींचं काहीतरी चाललं होतं, मला बघून थांबल्या. आवारातल्या बायका मला सिसी, म्हणजे ताई, म्हणत.

"सिसी, असं बघू नका माझ्याकडं," माई फराई म्हणाली. "नाव माझं, हात त्याचा. सगळ्या आवाराला ठाऊक आहे. तुमचे साहेबच आले होते आवारात. म्हणाले, दालन भरायचंय, पाटीवर बायकोचं नाव चालेल."

"आणि तू दिलंस नाव," शुपिकाई म्हणाली.

"दिलं. का देऊ नको? लग्न होऊन आले तशी त्याचे दगड घासतेय. ओळखपत्र काढायला गेले तर यंत्रावर माझं बोट उमटेना. तिथला साहेब म्हणाला, बाई, तुझ्या बोटांना रेघाच नाहीत. त्या माझ्या रेघा कुठं गेल्या, माई? आतल्या त्या पक्ष्यात गेल्या. तो चकाकतो तो कुणामुळं? आजवर कुणी लावलं माझं नाव? आणि आज लागलं तर मी चोर?"

आतून टाळ्यांचा आवाज आला. कुणाचं तरी भाषण संपलं असावं.

शुपिकाई भिंतीची टेक सोडून तिच्याशेजारी कट्ट्यावर बसली. मग म्हणाली, "चोर नाहीस. पाटीवर दोघांची नावं असती तर मीच पहिली टाळी वाजवली असती. पण माझं बाहेर ठेवलं, माई. माझ्यात दुसऱ्या कुणाचाच हात नव्हता, आणि तेच बाहेर ठेवलं."

"ते मी नाही केलं."

"माहीत आहे."

माई फराईनं बूट पायांत घातले आणि आत गेली. तिला फोटोसाठी हाका येत होत्या.

शुपिकाई माझ्याकडं वळली. "तुम्ही बोलणार आहात, सिसी. तोंडावरच दिसतंय. बोला. पण बायकांनी फसवलं असं म्हणू नका. दोघांची नावं लावा म्हणा, आणि माझा दगड आत घ्या म्हणा. एवढंच."

मी समितीच्या बैठकीत बरोबर तेवढंच बोलले. शब्द मोजून, आवाज न चढवता. बोलून झाल्यावर झिशिरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घरात मयत झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे आपली फसवणूक झाली," ते म्हणाले.

"तुम्हीच आवारात जाऊन सांगितलंत," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"माई फराई."

"जिनं दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावलं, ती?"

मिसेस न्हारींनी पर्स मिटली. "मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा मला कुणी निम्मी जागा काढून ठेवली नव्हती," त्या म्हणाल्या. "गुणांवर झाले. मी तेव्हाच म्हणत होते, आपल्या बायका अजून तयार नाहीत. एस्नाथ, तू हे उघडकीला आणलंस ते बरं केलंस." आणि त्या खरंच कौतुकानं बोलत होत्या. त्या दुपारी मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

बायका तयार होईपर्यंत नियम स्थगित झाला. पाट्या बदलल्या. शिल्पं जागची हलली नाहीत, फक्त त्यांच्याखाली नवऱ्यांची नावं आली, आणि बक्षीस केनिअसकडं गेलं. शुपिकाईच्या दगडाचा विषय निघाला तेव्हा झिशिरी म्हणाले, आता बायकांचं दालनच नाही, मग तो ठेवणार कुठं?

महिन्याभरानं मला बाजारात माई फराई दिसली. टोमॅटोच्या ढिगाशी वाकून निवडत होती. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, हातातले टोमॅटो परत ढिगावर ठेवले आणि चालू लागली. टोमॅटोवाली मला म्हणाली, "काय केलंत हो तिला?"

आवारात शुपिकाईशी बोलणं सगळ्यांनी टाकलं. बायकांना नावं मिळाली तशी गेली, आणि मला बोलायला तिनंच लावलं म्हणून त्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. मी ठरले साहेबांच्यातली, माझ्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. खाणीवरून दगड आणणारा ट्रक तिच्या छपरासमोर थांबेनासा झाला. बबून हाकलणारी बाई तिनं डोंगरावरच्या एका लॉजला दिली. लॉजवाल्यांनी ती बागेत किंवा दारात नाही, स्वयंपाकघरामागच्या भाजीच्या वाफ्यात उभी केली, माकडं यायची थांबतील म्हणून. शुपिकाईनं मला हे सांगितलं तेव्हा हसावं की काय करावं ते मला कळेना. तीही हसली नाही.

"थांबली का?" मी विचारलं.

"नाही. तिच्या खांद्यावर बसून कोबी खातात."

छप्पर दुरुस्त झालं होतं, पण त्या संस्थेला बायकांसाठी काहीतरी चाललेलं दिसायला हवं होतं. म्हणून गॅलरीच्या मागच्या अंगणात महिलांसाठी शिल्पकलेचा प्राथमिक वर्ग निघाला. त्याची व्यवस्था माझ्याकडं आणि शिकवायला केनिअस. मी विरोध केला तर झिशिरी म्हणाले, "मग तुमच्या मते कुणी शिकवावं?" मी शुपिकाईचं नाव घेतलं. ते म्हणाले, "तिचं कुठं प्रदर्शन झालंय?"

पहिल्या सकाळी मी अंगणात खुर्च्या मांडत होते आणि पहिली आली ती शुपिकाई. जुना एप्रन, डोक्याला रुमाल.

"माई, तुम्ही कशाला?" मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"शिकायला."

"केनिअसकडून?"

"वर्गातल्या बाईला दगड फुकट मिळतो ना, सिसी? तुम्हीच रेडिओवर सांगितलंत. ट्रक गॅलरीच्या दारात येतो म्हणे. माझ्या दारात येत नाही." ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. थोड्या वेळानं कॉलेजच्या मुली आल्या आणि मागं कुजबुजत बसल्या.

संस्थेच्या एक परदेशी बाई त्या दिवशी वर्ग बघायला आल्या. मिसेस न्हारी त्यांना घेऊन रांगेतून फिरत होत्या. केनिअस शुपिकाईजवळ थांबला. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती, ते जास्त वाईट होतं; तो खरोखर शिकवत होता.

"छिन्नी अशी धरायची, माई. मूठ सैल. दगडाशी भांडायचं नाही."

"अशी?" शुपिकाईनं विचारलं.

"आणखी सैल. हां. आता मार."

तिनं घाव घातला. कपची उडाली आणि आतला काळाभोर दगड दिसला. परदेशी बाई थबकल्या. त्यांनी वाकून शुपिकाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मिसेस न्हारींकडं बघून म्हणाल्या, "हिच्या हातात गुण आहे." मग तिला विचारलं, "शिकायला लागून किती दिवस झाले?"

मी तोंड उघडलं. शुपिकाईनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी किंचित नकारार्थी मान हलवली.

"आजच सुरुवात केली, मॅडम," ती म्हणाली.