डॉक्टर रेकाल्दे यांची सही

वकिलाची सही जिथे असते तिथे वकील स्वतः उभा असतो, असं असुन्सिओनच्या लॉ कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात झुनिल्दाला कळलं, की डॉक्टर रेकाल्दे दर शुक्रवारी चाळीस कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या ठोकून मासे धरायला जातात, आणि वरचा मजकूर तिने छापायचा असतो. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात. रोगी वाचो न वाचो.

आज सोमवारी अशाच एका कागदावर छापलेलं अपील छातीशी धरून ती कोर्टाच्या खिडकीसमोर रांगेत होती. मुदत नऊला संपत होती, आठ चाळीस झाले होते. शेजारी अशील, म्हाताऱ्या दोन्या पेत्रोना; दोन्या म्हणजे बाई. घर खाली करायचा हुकूम निघाला होता. घराची किल्ली त्यांच्या मुठीत होती. ती दारामागे ठेवायचा आता भरवसा वाटत नव्हता.

"पोरी, चिपा खा. उपाशीपोटी कायदा डोक्यात चढतो." त्यांनी चीजचा गरम पाव पुढे केला.

"नको दोन्या, कागदाला तूप लागेल."

"तुझे डॉक्टर नाही आले?"

"आयोलासला गेलेत. नदीवर."

"घर माझं, रांग तुझी, मासे त्यांचे. बरं आहे."

तेवढ्यात फोन थरथरला. ऑफिसातली एउलोखिया होती.

"झुनिल्दा, डॉक्टर वारले गं. पहाटे, होडीत चढताना. छातीत कळ आली."

झुनिल्दाने रांगेकडे पाठ केली. "मग अपिलाचं काय करू?"

"मला काय विचारतेस? वकील तू आहेस."

ते खरं होतं, चार महिन्यांपासून. पण वकीलपत्र एकट्या डॉक्टरांच्या नावावर होतं. या खटल्यात तिच्या सहीला दोन्या पेत्रोनाच्या शेजारणीच्या सहीइतकीच किंमत होती. तिने अपील फायलीत सरकवलं. मग बाहेर काढलं. मग पुन्हा आत.

"चेहरा का उतरला गं?"

"गर्दी आहे, दोन्या."

"गर्दी सरकतेय की. चल पुढे." म्हातारीने तिला पाठीला हात लावून पुढे ढकललं, आणि फायलीतून अपील स्वतःच ओढून खिडकीत दिलं.

आठ छप्पन्न. कारकून सिंदुल्फोने तेरेरेचा, बर्फाच्या चहाचा, थंडगार घोट संपवला, पेला बाजूला ठेवला आणि सही निरखली.

"काय शेपूट काढतात बघा. कसे आहेत डॉक्टर?"

झुनिल्दाने तोंड उघडलं.

"मजेत," दोन्या पेत्रोना म्हणाल्या. "मासे धरताहेत."

शिक्का पडला. तारीख, तास, मिनिटं.

पायऱ्या उतरताना म्हातारीने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिच्यासमोर चिपा धरला. या वेळी झुनिल्दाने तो घेतला. अर्धा खाऊन होईपर्यंत तिला दिवाणी प्रक्रियेचा पेपर आठवला, तिसरा प्रश्न. पक्षकाराचा वकील वारला की खटला तिथेच थांबतो, मुदतही थांबते, आणि नवा वकील नेमायला कोर्ट वेळ देतं. अपील आज द्यायची गरजच नव्हती.

त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते. शिक्क्यासारखीच मृत्यूच्या दाखल्यावरही वेळ लिहितात, आणि ती पहाटेची असणार होती.