कोड्याच्या फळीचा राग

रागावलेल्या माणसाने आधी घोटभर पाणी प्यावं म्हणतात. मला ती सोय नाही. मी लाकडाची, पाणी लागलं की माझे कोपरे फुगतात. तेव्हा मित्रांनो, जे सांगायचं ते मी रागातच सांगणार आहे.

मी ड्रॉइंगची एक जुनी फळी. विलायतेत टाइन नदीच्या काठी जहाजं बांधायचा कारखाना होता, तिथे माझा जन्म झाला. पाईनच्या पट्ट्या सरसाने जोडून, घासून घासून मला काचेसारखी सपाट केली. माझ्यावर कागद ताणून बसवायचा आणि तिथल्या विल्फ नावाच्या कारागिराने त्यावर जहाजांचे आराखडे काढायचे, असं आमचं काम. विल्फचा हात हलका. टाचणीसुद्धा अशी टोचायचा, जणू मला विचारून टोचतो आहे.

पुढे कारखाना बंद पडला आणि आम्हा सगळ्या फळ्यांचा ढीग आवारात टाकला, जाळायला. आमच्यावर आखलेली जहाजं अजून समुद्रात फिरत होती, आणि आम्हाला म्हणाले सरपण! विल्फने मला ढिगातून ओढली, काखेत मारली आणि फेरीबोटीने पलीकडे साउथ शील्ड्सला घरी नेली.

"हे धूड ठेवायचं कुठे?" त्याच्या बायकोने, एनिडने विचारलं.

"तुझ्या कोड्याखाली," विल्फ म्हणाला.

नाताळात वर्तमानपत्रात एक अवाढव्य शब्दकोडं येतं. एरवीचं कोडं गुडघ्यावर मावतं, हे जेवणाचं टेबल खातं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी एनिडकडे सगळे जमायचे, कोडं माझ्यावर टाचायचे आणि भोवती बसायचे. हे साधं कोडं नव्हे बरं. यात प्रत्येक संकेतात उत्तर दोनदा दडवलेलं असतं. एकदा सरळ अर्थात, एकदा अक्षरांच्या करामतीत. दोन्ही वाटांनी एकाच शब्दावर पोचलात, तरच तो शब्द खरा. म्हणून विल्फने घरात एक नियम घातला होता. उत्तर सुचलं की आधी ते कसं आलं ते सगळ्यांना सांगायचं, मगच लिहायचं. संकेतातला एकही शब्द हिशेबाबाहेर राहता कामा नये.

"सांगता येत नाही? मग तुला ते आलेलंच नाही," असं तो भल्याभल्यांना ऐकवायचा.

सांगण्यात एनिडचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती एकेक शब्द असा सोलून दाखवायची की शेजारची माणसं मिन्स पाय या नाताळच्या गोड खाऊचा डबा घेऊन नुसती ऐकायला यायची. माझं कौतुकही व्हायचं. "काय सुरेख फळी आहे!" म्हणायचे, आणि हात फिरवायचे.

विल्फ गेला आणि माझे दिवस फिरले. एनिडचा मुलगा नेव्हिल माझ्यावर रंगाचे डबे ठेवू लागला. त्याची बायको जॅकी हिने ओले बूट वाळत घातले. एनिडच्या बहिणीने, ऑलिव्हने तर माझ्यावर कांदे चिरले. विचारलं का कोणी? नाही. वर्षातून एक दिवस मला पुसायचे, आणि मी तेवढ्यावर सगळं गिळायचे. पण गेल्या नाताळात जे झालं ते मी गिळलेलं नाही.

त्याआधीच्या वसंतात एनिडला पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, डोकं पहिल्यासारखं लख्ख, पण शब्द अडकू लागले. मनात असलेला शब्द ओठांवर यायला वेळ घेई. बोलणं शिकवायला घरी एक बाई येत. त्यांनी नेव्हिलला माझ्यासमोर बजावलं होतं, "त्यांना बोलू द्या. जितकं बोलतील तितकं परत येईल. बोलू दिलं नाहीत, तर आहे तेही जाईल."

नेव्हिलने मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सगळे जमले. हॅम कापलं, चहा झाला, कोडं माझ्यावर चढलं. जॅकीने पहिला संकेत वाचला. एनिडचे डोळे चमकले. तिने बोट वर केलं. "हे... हे म्हणजे..."

"कळलं आई, कळलं!" नेव्हिल म्हणाला आणि उत्तर लिहून मोकळा. पेन्सिलीने नाही, बॉलपेनने! कागदातून ते माझ्या अंगात रुतलं.

पुढचा संकेत. "यात... आधी..."

"असू दे आई, नको त्रास करून घेऊ."

त्रास! मित्रांनो, मला हात असते तर मी त्याचे कान उपटले असते. तो दुष्ट असता तर मला एवढा राग आला नसता. पण तो प्रेमाने करत होता, आईची दमछाक बघवत नाही म्हणून. प्रत्येक वेळी तिचं वाक्य उचलून स्वतःच पुरं करत होता, आणि एनिड प्रत्येक वेळी थोडी आणखी मागे टेकत होती. शेवटी तिने बोट वर करणंच सोडलं.

मग एक संकेत आला. होता त्यांच्या भाषेतला, मी तुमच्या भाषेत बसवून सांगते. 'डोकं उडालेल्या सुताराने पाठवलेला घाईचा निरोप, दोन अक्षरं.'

"निरोप म्हणजे पत्र!" नेव्हिलने लिहूनही टाकलं.

"आणि सुताराचं काय रे?" ऑलिव्ह म्हणाली. "तो काय हॅम खायला आलाय?"

"मावशी, ते उगाच भरीला घातलेलं असतं."

"उगाच? तुझा बाप असता तर पेन काढून घेऊन तुला भांडी घासायला पाठवलं असतं."

"घाई करू या गं, आई दमली."

आईच्या नावावर घाई! आणि त्या घाईचं फळ लगेच दिसलं. 'पत्र'च्या आजूबाजूचा एकही शब्द बसेना. अख्खा कोपरा अडला. नेव्हिल डोकं खाजवू लागला, जॅकीने जांभई दिली. "पुढच्या वर्षी छोटंच कोडं आणू," तो म्हणाला. "आईलाही झेपत नाही हे." आणि माझ्या टाचण्या काढू लागला.

तेवढ्यात माझ्यावर थाड्कन हात पडला. एनिडचा. कप उडाला, चहा सांडला. आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी लागल्याचं काही वाटलं नाही.

"गप्प," एनिड म्हणाली. हा शब्द मात्र अडकला नाही.

"अगं आई, मी फक्त—"

"बस, नेव्हिल," ऑलिव्ह म्हणाली. "हातही आवर."

नेव्हिल बसला. हात पुन्हा पेनाकडे जायला लागले, तेव्हा त्याने ते स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावरच बसला.

"सु... सुतार," एनिड म्हणाली. मग थांबली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नेव्हिलचं तोंड उघडलं, मिटलं. चहा माझ्या कडेवरून गालिच्यावर ठिबकत होता, कोणी उठलं नाही. "डोकं... म्हणजे... पहिलं. पहिलं... अक्षर. ते... उडालं." पुन्हा थांबली. तिच्या कपाळावर घाम आला. जॅकीची जांभई कुठल्या कुठे गेली होती. "उरलं... तार. घाईचा... निरोप." तिने श्वास घेतला आणि मुलाकडे बोट रोखलं. "सुतार... उगाच... नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. नेव्हिल पुटपुटला, "नाही आई. उगाच नाही." त्याचे डोळे भरले होते. "खोडता येत नाहीये गं, पेनने लिहिलंय."

"वरून... गिरव. गाढवा," एनिड म्हणाली, आणि पुढचा संकेत वाचायची खूण केली.

कोडं त्या दिवशी निम्मंसुद्धा झालं नाही. एनिड मात्र जेवणवेळ उलटेपर्यंत बोलत होती.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. माझ्यावर कांदे चिरू नका, ओलं ठेवू नका, हे मी सांगेनच. पण त्याहून मोठं मागणं हे. तुमच्या घरात कोणी शब्द शोधत असेल, म्हातारं असेल, तोतरं असेल, लहान असेल, तर तुमचा शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका. थांबा. थांबणं जमत नसेल तर नेव्हिलसारखे स्वतःच्या हातांवर बसा. हातांना मुंग्या येतील, दुखतीलही.

दुखू द्या.