कुंकवाआधी

माझी नणंद सिंधू घरात हाय का न्हाय, ते बी कळायचं न्हाय. हाक मारली तर "जी वहिनी", न्हायतर गप. आन् मी गोजरबाई! माझं तोंड सुरू झालं की गल्लीतली कुत्री उठून जायची. माझा नवरा रामहरी म्हणायचा, "देवानं दोघींचं बोलणं तुझ्या एकटीच्याच पदरात टाकलं."

छप्पन-सत्तावन्न साल असंल. सिंधू सातवी पास झाल्याली. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात हुतं. ती बोलली न्हवती, पर मला कळायचं. आन् रामहरीनं कळंबच्या मोहनरावाशी तिचं ठरवून टाकलं. बागाईत जमीन, दारात बैलजोड्या, सगळं खरं. पर माणूस चाळिशीचा, पहिली बायको गेल्याली, आन् थोरली लेक सिंधूच्याच वयाची! मी भांडले, भांडी आदळली. "तू गप बस," म्हणाला. भावाचा शब्द, झालं.

त्याच दिवसांत शेजारच्या द्वारकाबाई आमच्यात येऊन बसायच्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, इंग्रजी वाचायच्या. बाजाराच्या आदल्या दुपारी आमी मेथीच्या जुड्या बांधायचो आन् त्या बारामतीहून आणलेली एक इंग्रजी कादंबरी मराठीत सांगायच्या. जुन्या रुपयावर जिचं तोंड असायचं, त्या राणीच्या काळातली. त्यात एक गरीब पोरगी. चुलत्याच्या घरी राहती, सगळ्यांना चहा देती, कुणी काय बोललं की खाली बघती. तिला एका बड्या गिरणीवाल्याला द्यायचं ठरतं.

"किती मेंगळट बाई ही!" मी म्हणायची. "धरून हलवावी वाटतीया."

मग एका दुपारी गोष्टीत लगीन आलं. त्यांच्या देवळात सगळी जमल्याली. पाद्री पोरीला इचारतो, हा नवरा तुला कबूल हाय का? आन् ती मेंगळट पोरगी मान वर करून म्हणती, न्हाय!

माझ्या हातातली जुडी सुटली. "अगं बया! त्यांच्यात नवरीला इचारत्यात?"

"विचारतात," द्वारकाबाई म्हणाल्या.

सिंधू मेथी निवडत राहिली.

पुढच्या आठवड्यात कळंबची माणसं सुपारी फोडायला आली. संगं मोहनरावाचे चुलते आबासाहेब, त्यांच्यापुढं गावात कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाय. सिंधूला पाटावर बसवलं. आमच्यात नवऱ्याकडचं थोरलं माणूस पोरीला कुंकू लावतं, आन् एकदा लागलं की ती त्यांची झाली, माघार न्हाय. आबासाहेबांनी करंड्यात अंगठा बुडवला, हात पुढं केला. सिंधूनं तळहात कपाळावर धरला.

सगळ्यांना वाटलं, लाजली. बायका हसल्या.

"हात काढ गं," रामहरी म्हणाला.

"मला कुणी इचारलं न्हाय," सिंधू म्हणाली.

आबासाहेबांना गंमत वाटली. "बरं बाई, इचारतो. आमचा मोहनराव तुला पसंत हाय का?"

"न्हाय."

एवढंच. आवाज चढला न्हाय, डोळ्यांत पाणी न्हाय. रामहरी ताडकन उठला, मी मधी आडवी झाले. इतक्या वर्षांचं माझं तोंड, पर त्या वक्ताला एक अक्षर फुटलं न्हाय. गरज बी लागली न्हाय.

"घाबरलीया पोरगी," रामहरी गयावया करायला लागला. "पुन्यांदा इचारा, आबासाहेब."

त्यांनी पुन्यांदा इचारलं. आता ते हसत न्हवते.

"न्हाय," सिंधू म्हणाली. "आन् हात बी काढायची न्हाय."

म्हातारा लई वेळ आपल्या लाल अंगठ्याकडं बघत बसला. मग त्यांनी तो धोतराला पुसला. "चला रं," म्हणाले. "आपणच इचारलं. आता उत्तर मिळालं तर रागवायचं कशाला?"

रामहरी महिनाभर तिच्याशी अबोला धरून हुता. तिला काय फरक पडतोय! ती आधी तरी कुठं बोलत हुती? पुढं द्वारकाबाईंनी खटपट करून तिला शिकायला पाठवली. बारामतीच्या शाळेत सिंधूबाई वर्गात आल्या की पोरी चिडीचूप व्हत्यात, असं कुणी सांगितलं की माझी छाती फुगती. नणंद हाय माझी, म्हणलं!

वर्षं गेली. माझ्या लेकीची सुपारी आली. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यानं करंडा उघडला, तेवढ्यात रामहरीनं त्यांचा हात धरला.

"जरा थांबा पावणं," म्हणाला. "आमच्यात आधी पोरीला इचारत्यात."