मेलं मरत नाही

नमुने दाबून वाळवायच्या फळ्यांचे पट्टे सोडले तेव्हा आत सात रोपं होती. सहा काळी पडलेली. सातव्याला नऊ पानं, दोन कळ्या आणि उमललेलं एक पिवळं फूल. वर्तमानपत्राच्या घडीत, दाबाखाली, एक्केचाळीस दिवसांनी.

असं व्हायला नको होतं. ही बोटभर उंचीची रोपं डोंगरमाथ्यावर खडकांच्या भेगांत वाढतात आणि जाड पानांत पाणी साठवतात. म्हणून दाबण्याआधी त्यांना क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं; नाहीतर ती कागदातही जगत राहतात. त्या दिवशी मला उशीर होत होता, म्हणून ते काम मी आईवर सोपवलं.

"जिवंत झाडाला उकळतं पाणी? अगं, काय पाप केलंय त्याने?"

"आई, नाहीतर मेलं मरत नाही."

"मग नको मरू दे की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

संध्याकाळी विचारलं, "बुडवलीस ना?"

"हो गं बाई. आधी तुझ्या रोपांची आंघोळ, मग माझा चहा."

त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

उकळत्या पाण्यातून निघालेलं रोप फुलत नाही. म्हणजे तिने त्या पाण्याचा फक्त चहा केला होता.

वनस्पतिसंग्रहातल्या मॅडमनी भिंगातून पाहिलं. "उकळत्या पाण्यात बुडव आणि कागदावर चिकटव. एक तरी नमुना हाती लागेल."

"हे मी लावून बघते."

"फुलापायी सगळी शिल्लक खर्चून बसलंय ते. मूळ धरायचं नाही."

"तरी बघते, मॅडम."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बरं. पण नोंद ठेव."

आईच्या कान तुटलेल्या कपाला भोक पाडलं, खडी भरली, रोप खोचलं. वजन १.९ ग्रॅम, उंची ३१ मिलिमीटर. अशा रोपाला पंधरवड्यातून एकदा पाणी पुरतं, जास्त झालं तर ते कुजतं, हे मला पाठ आहे. मी रोज सकाळी घातलं. एक चमचा, चहाच्या आधी.

फूल सहाव्या दिवशी गळलं. नवव्या दिवशी देठ खालून मऊ लागला. तरी चमचा चुकला नाही.

एकविसाव्या दिवशी रोप उपसून धुतलं, तोललं, पट्टी लावली आणि नोंद केली.

वजन ०.४ ग्रॅम. पानं शून्य. मुळांची लांबी शून्य मिलिमीटर.