मावशीचं बैठं जेवण

शेवटच्या दिवशी मावशी अख्खं जेवण होईपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. हे वाक्य मी अजून लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही, असं समजा. आम्ही तिघं अजून सहलीच्या शहरात पोचायचे आहोत.

मावशीने एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवू घातलं. स्वतः मात्र ओट्याशी, उभ्याने, एका हातात डाव धरून जेवली. घरीही तेच. गेल्या महिन्यात निवृत्त झाली तेव्हा आम्ही विचारलं, तुला काय हवं? म्हणाली, "कोणीतरी वाढावं आणि मी बसून खावं. पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत. एकदाच." म्हणून तीन दिवसांची सहल ठरली. चांगली हॉटेलं शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे फोन होता आणि नोकरी नव्हती.

पहिलं हॉटेल मी फोनवर निवडलं. चार पूर्णांक तीन तारे.

"तीन दशांश तारा म्हणजे केवढा?" काकांनी विचारलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. शहरात जायचं म्हणून तिन्ही दिवस कोट घालून होते. "आणि उरलेले सात दशांश कोणी खाल्ले?"

ते कळलं नाही. वेटर चार बशा एका हातावर रचून आणत होता. मावशी म्हणाली, "सांडणार हा," आणि दोन बशा घ्यायला उठली. आमचं गोड येईपर्यंत ती सहा नंबरच्या टेबलाला वाढत होती. सहा नंबरवाल्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं.

दुसरं हॉटेल काकांच्या पद्धतीने शोधलं. त्यांचं शास्त्र असं, की टॅक्सीवाले जेवतात तिथे जेवावं. टॅक्सीवाले खरंच होते. मावशी बसली, तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "आत काहीतरी खाली लागतंय." ती आत गेली ती चाळीस मिनिटांनी बाहेर आली. जेवण उत्तम झालं, असं सगळे टॅक्सीवाले म्हणाले. मावशी आतच जेवली. ओट्याशी.

"अगं, सवय म्हणजे काय पाठीला चिकटलेला पाट आहे का?" काका वैतागले.

"पाट असता तर बसले नसते का, अहो?" मावशी म्हणाली. हसली, पण थोडंच. एकच दिवस उरला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शास्त्रबिस्त्र सोडलं आणि पाय दुखायला लागले तिथे थांबलो. छोटंसं हॉटेल, सात टेबलं. मावशीने बसल्या बसल्या टेबलाच्या खालून बोट फिरवलं, ग्लास उजेडात धरला, मिठाची डबी उघडून हुंगली. मी वहीत सहलीची टिपणं काढत होतो. काका कोटात होते.

मालक जवळ आला. त्याचा चेहरा धुतलेल्या बशीसारखा झाला होता. "आपण तपासणीला आलात का?"

काका साधा माणूस. विचारलं त्याचं खरं उत्तर देतात. "हो ना. तीन दिवस तपासतोय. दोन हॉटेलं बाद झाली."

"बाद?"

"एकाच्या तर स्वयंपाकघरात ही चाळीस मिनिटं होती."

मालकाने मावशीची खुर्ची स्वतः टेबलाशी सरकवली. "मॅडम, आपण उठायचं नाही. हवं ते इथे येईल."

आणि येतच गेलं. सूप आलं, भात आला, मासा आला. भाजी कशी परतलीय ते बघायला मावशी जरा हलली, तर कढईच टेबलाशी आली. मागोमाग आचारी आला आणि त्याने न विचारता दोन्ही हातांची नखं दाखवली. मावशी तीनदा उठायला गेली आणि तिन्ही वेळा मालकाची माणसं धावली. शेवटी दमून ती नुसती जेवायला लागली.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. आचाऱ्याने भिंतीला टेकून श्वास सोडला. ते बघून मावशीला काय घोटाळा झालाय ते कळलं.

"अरे बाळा," ती मालकाला म्हणाली, "मी कसली साहेब. मी कँटीनवाली. हा माझा भाचा, याला कामधंदा नाही. आणि यांनी शहरात यायचं म्हणून कोट घातलाय."

मालकाने आचाऱ्याला आत पाठवलं. मग म्हणाला, "म्हणजे आता तुम्ही उठलात तरी चालेल."

मावशीने खुर्ची आणखी पुढे ओढली. "आता कशाला उठू? अजून गोड यायचंय."

मालक हसला आणि गोड आणायला स्वतः आत गेला.

तेव्हा सदर घटनेच्या अनुषंगाने संबंधित खात्यास नम्र विनंती, की अर्जदाराच्या मावशीस 'बैठी तपासणी अधिकारी' या पदावर तहहयात नेमण्यात यावे. कामाचे स्वरूप: बसणे. सोबत एक कोटधारी सहायक व एक वही धरणारा मंजूर करावा. स्वयंपाकघराच्या दिशेने अधिकारी तीन पावलांहून अधिक चालल्यास ती शासकीय कामातील कसूर समजून त्यांना तात्काळ पुन्हा जेवायला बसवावे.